फादर बाहेर गेलेत

सूनबाईचं देवाशी कधी बिनसलं नव्हतं. प्रॉटेस्टंट घरात वाढलेली; शिलाई मशीन चालवता चालवता ती देवाशी बोलायची, दोरा तुटला तरी त्याच्याकडेच कुरकुर करायची. मध्ये माणूस कशाला, हा तिचा रोखठोक सवाल. सासूबाई पक्क्या कॅथलिक. महिन्यातून एकदा फादरपुढे पापांची कबुली द्यायच्या आणि हलक्या होऊन परतायच्या. ऐंशीव्या वर्षी पापं आणता तरी कुठून, म्हणून सून चिडवायची, आणि दोघी हसायच्या.

त्या सकाळी सासूबाईंना धाप लागली. नवरा औषध आणायला धावला. सासूबाईंनी शेवटच्या कबुलीसाठी फादरना बोलवायला सांगितलं. सून फोनपर्यंत गेली, फोनला हात न लावता परत आली आणि म्हणाली, फादर बाहेर गेलेत. देवालाच सांगा, तो इथेच आहे. आपण म्हातारीला जवळची वाट दाखवतोय, असं तिला मनापासून वाटलं. नवऱ्यालाही तिने तेच सांगितलं. दुपारी सासूबाई गेल्या.

दफन झाल्यावर नवरा फादरना म्हणाला, तुम्ही गावात असता तर आईची इच्छा राहिली नसती. फादरनी फक्त सुनेकडे पाहिलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

तीन आठवडे ती देवाची क्षमा मागत राहिली. त्याने केलीही असेल, पण तिच्या घशाखाली घास उतरेना. अखेर तिने चर्चमध्ये कबुलीच्या जाळीपुढे जन्मात पहिल्यांदा गुडघे टेकले. फादरनी सगळं ऐकून घेतलं.

"देवाला सांगितलंस. नवऱ्याला सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

नवरा घरी आईचा चष्मा पुसत बसला होता. तिने एका दमात सांगून टाकलं.  मग त्याने विचारलं, देवालाच सांगा म्हटल्यावर आई काय म्हणाली?

"म्हणाल्या, देवाचं उत्तर मला ऐकू येत नाही गं. मग माझी कबुली तूच ऐकून घे, आणि माफ केलं म्हण."

"मग?"

"मी म्हटलं, तो अधिकार माणसाला नसतो."

नवऱ्याने चष्म्याच्या काड्या मिटल्या.

"आणि आता तू माझ्याकडे तेच मागतेयस," तो म्हणाला.

तिने होकारार्थी मान हलवली, आणि तो काय म्हणतो ते ऐकायला तिथेच उभी राहिली.