दुसरी कॉफी

"दहा मिनिटांनी दुसरी आण," तासिच साहेब दारातच पुटपुटले आणि पाहुण्याच्या मागोमाग आत गेले.

व्लायकोने मान डोलावली. बेलग्रेडच्या या सरकारी कचेरीत तो बावीस वर्षं कॉफी करत होता. पहिली कॉफी स्वागताची. दुसरी आली, की पाहुण्याने ती प्यायची, टोपी उचलायची आणि निघायचं. 'ऊठ' असं कोणी कोणाला तोंडाने म्हणत नाही. ते काम कॉफीचं, म्हणजे व्लायकोचं. आजवर त्याने किती वकील, किती व्यापारी, किती विधवा अशा उठवल्या असतील, त्याचं त्याला कधी काही वाटलं नव्हतं.

आजचा पाहुणा इंग्रजांच्या वकिलातीतला हॅलम. हिवाळाभर दर आठवड्याला यायचा. जर्मनांविरुद्ध आमच्या बाजूने उभे राहा, तोफा देऊ, विमानं देऊ, असं घसा कोरडा होईपर्यंत सांगायचा. तासिच साहेब "बघू", "वर कळवतो" म्हणायचे, पण ताकास तूर लागू द्यायचे नाहीत. पहिली कॉफी ठेवताना हे सगळं व्लायकोच्या कानांवर पडे.

व्लायकोचा मुलगा मिलोये सैन्यात, दक्षिणेच्या सरहद्दीवर होता. गेल्याच आठवड्यात जर्मन फौज शेजारच्या बल्गेरियात शिरली होती. मिलोयेने लिहिलं होतं, 'बाबा, आमच्याकडे एकच तोफ आहे, आणि ती ओढायला बैल.' पत्र वाचल्यापासून व्लायको बधिर झाला होता. जेवण पोटात जाई, चव लागत नसे. बायको काही बोलली, तर तिचे ओठ हललेले तेवढे दिसत.

दहा मिनिटं झाली. तांब्याच्या भांड्यात कॉफी फुगून वर आली. व्लायको बघत राहिला. कॉफी उतू गेली, शेगडी चरचरली, तरी त्याने हात पुढे केला नाही. मग सावकाश भांडं घासलं आणि नव्याने दाणे दळायला घेतले.

आतून घंटा वाजली. तो दळत राहिला. पुन्हा वाजली. नोकरी जाईल हे त्याला कळत होतं, पण दुसऱ्याच कोणाची तरी जाणार असल्यासारखं.

"बोल रे बाबा," तो भिंतीला म्हणाला. "उरकून घे. तोफांचं बोल."

शेवटी तबक घेऊन तो निघाला, तर हॅलम कोट चढवून बाहेरच आलेला. नऊ वर्षं इथली कॉफी पिऊन त्याला इथली भाषाही येत होती आणि रीतही.

"उशीर केलास, व्लायको."

"उतू गेली, साहेब."

"तुझी कॉफी? उतू?" हॅलम किंचित हसला. "मुद्दाम केलंस. चांगली वीस मिनिटं जास्त मिळाली मला."

व्लायकोने धीर केला. "मग? काय म्हणाले आमचे साहेब?"

हॅलमने एक हातमोजा चढवला, पुन्हा काढला.

"काही नाही. सारखे दाराकडे बघत होते. कॉफी का येत नाही म्हणून."

मग त्याने तबकातला एक कप उचलला, उभ्यानेच तळापर्यंत प्यायला, "छान झालीय" म्हणाला आणि जिना उतरून गेला.

उरलेला कप घेऊन व्लायको आत गेला. साहेब रागावलेही नाहीत.

"उद्या सकाळी जर्मन मंडळी येतायत," ते म्हणाले. "सहाजण. त्यांना दूध लागतं. मोठे कप काढून ठेव."

"जी. आणि दुसरी किती वेळाने आणू?"

"त्यांना दुसरी नाही आणायची, व्लायको."

स्वयंपाकघरात येऊन त्याने वरच्या फळीवरचे सहा मोठे कप उतरवले, धुतले, कोरडे पुसले. मिलोयेच्या पाठीशी आता कोणी नव्हतं. कप ओळीने मांडून झाल्यावर त्याने शेगडीजवळचं स्टूल ओढलं आणि त्यावर बसला. कचेरीच्या वेळात तो आजवर कधी बसला नव्हता. घंटा वाजली, तेव्हाही त्याला लगेच उठता आलं नाही.