पडद्याआडचा मोगरा

फरहाचे अब्बा मुनाफ सर गेले त्याच दिवशी शेजारच्या खतीजाखालांनी गॅलरीला जाड पडदा लावून दिला. अम्मी इद्दतीत बसली होती. नवरा गेलेल्या बाईने काही महिने घरातच राहायचं, परक्या पुरुषाच्या नजरेला पडायचं नाही. तिच्यासोबत अब्बांचा मोगराही पडद्याआड गेला.

महिन्याने फरहा पुण्याहून पनवेलला पुन्हा आली तेव्हा मोगरा पिवळा पडला होता. कुंडीत पाणी साचलेलं.

“तुझ्या अब्बांच्या मागे निघालाय,” अम्मी म्हणाली. “रोज दोनदा पाणी घालते, पण काही घेतच नाही.”

“तू तरी कुठे घेतेस?” सकाळची तांदळाची भाकरी ताटात तशीच पडली होती.

फरहाने एक पान बोटांत धरलं. वर धुळीचा थर. अब्बा असते तर हे झालं नसतं. न्हावा शेवा बंदराच्या ट्रकांची धूळ घरभर यायची, आणि जुम्म्याच्या नमाजला निघण्याआधी ते ओल्या फडक्याने एकेक पान पुसायचे. शाळेत विज्ञान शिकवून भागायचं नाही म्हणून जेवतानाही शिकवायचे. भाकरी मोडत म्हणायचे, “गेल्या साली भातावर पडलेलं ऊन आहे हे. वाया घालवू नका.”

“अम्मी, पाणी हे त्याचं जेवण नव्हे. पाणी आणि हवा, दोन्हींची पानात साखर होते, पण ऊन असलं तरच. तू उपाशी जिवाला नुसतं पाणी पाजतेयस.”

अम्मीचा चेहरा उतरला. “म्हणजे मीच मारला त्याला?”

“जिवंत आहे गं. गच्चीवर नेऊन ठेवते.”

“नको. या घरातून आता आणखी कुणी जायला नको.”

“मग पडदा तरी काढू या,” फरहा म्हणाली.

तेवढ्यात डबा घेऊन खतीजाखाला आल्या. सगळं ऐकून म्हणाल्या, “पडदा काढायचा? आपा, समोर नवी बिल्डिंग झालीय. लोक काय म्हणतील?”

“पडदा लोकांपासून गं खतीजा,” अम्मी म्हणाली. “सूर्य काय परका पुरुष आहे?”

खाला आधी दचकल्या, मग ओढणी तोंडावर धरून हसल्या. महिन्यात त्या घरात पहिल्यांदाच कुणी हसलं. “घ्या! सरांच्या बायकोशी कोण वाद घालणार?” त्यांनी ओढणीच्या सेफ्टी पिना काढल्या आणि पडदा खालून गुडघ्याइतका दुमडून वर टाचला. गॅलरीचे गज जमिनीपर्यंत होते. खाली बसलं तरी चेहरा दिसणार नव्हता, आणि कुंडी खालीच होती.

फरहाने साचलेलं पाणी ओतून टाकलं. अम्मी ओलं फडकं घेऊन खाली बसली आणि पानं पुसू लागली, अब्बा पुसायचे तशीच, देठाकडून टोकाकडे.

“आता तू जेव,” फरहाने ताट पुढे सरकवलं.

“थांब. आधी त्याला जेवू दे.” आयुष्यभर ती अब्बांच्या नंतरच जेवली होती.

दोघी बसून राहिल्या. उन्हाची पट्टी फरशीवरून सरकत कुंडीवर चढली, मग पानांवर. अम्मीने भाकरीचा तुकडा मोडला.