बिनमातीची चिमी

"चिमी उठली का गं?" आईने पलंगावरूनच विचारले.

ताई ओट्यापाशी डबा भरत होती. तिने डब्याचे झाकण दाबून बसवले. ओट्याच्या कोपऱ्यातला टक्क उजेड पलंगावरून चांगला दिसत होता, तरी आईला रोज विचारायचेच असायचे.

"अगं, उठली का?"

"उठली. तोंड धुऊन बसलीय. आता चहा मागेल."

"तू ना, सकाळी सकाळी तिरकंच बोलत जा."

चिमी म्हणजे ताईची धाकटी बहीण. ती दूर, दुसऱ्या शहरात, नवऱ्याच्या ऐसपैस घरात राहायची आणि या वेळी नक्कीच अंथरुणात असणार. ओट्यावर उठली होती ती चिमीने पाठवलेली पेटी. पांढरी, प्लास्टिकची, बुटांच्या खोक्याहून जराशी मोठी. झाकणाला भोके, भोकांत स्पंजाचे तुकडे आणि त्यांत रुजलेल्या बिया, पोटात पाणी, पाण्यात गुरगुरणारा इवलासा पंप. वर वाकलेल्या मानेचा एक दिवा, तो आपोआप लागायचा आणि आपोआप विझायचा. माती नाही, ऊन नाही. आठवड्यातून एकदा बाटलीतले खत झाकणभर पाण्यात सोडले की झाले. एवढ्यावर कोथिंबीर, पुदिना, सॅलडची पाने आणि टोमॅटोचे एक रोप अशी तरारून आली होती की बघणाऱ्याला ती खोटी वाटावीत.

ऊन तसेही त्या घरात शोधून सापडत नव्हते. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत होती. जुने घर तळमजल्याला होते आणि मागच्या वीतभर जागेत आई वांगी, मिरच्या, पालक असे काय काय लावायची. ते घर सुटले, या दुसऱ्या मजल्यावर बिऱ्हाड आले, मग आईचे गुडघे गेले आणि गुडघ्यांच्या मागोमाग तिचे बोलणेही गेले. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असायची. पेटी आली आणि ती उठून बसली. तिसऱ्या दिवशी पहिला कोंब दिसला तेव्हा तिने टाळी वाजवली, आणि त्याच दिवशी पेटीचे नाव चिमी पडले.

आईने उठून बसावे म्हणून ताईने काय केले नव्हते! तेल चोळले होते, गोळ्या वेळेवर दिल्या होत्या, रविवारी न्हाऊ घातले होते, नखे कापली होती, रुसवे काढले होते. आई उठली नाही. आणि धाकटीच्या खोक्यात दोन हिरवी पाने फुटली तर बाई टाळ्या वाजवते! ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती तेव्हापासून उतरलीच नव्हती. पिकते तिथे विकत नाही म्हणतात. ताई तर फुकट मिळत होती, तरी गिऱ्हाईक नव्हते.

कोणीही घरात आले की आई आधी ओट्याकडे बोट दाखवायची. "आमच्या चिमीनं धाडलंय. एवढ्या लांबून आठवण ठेवली बघा पोरीनं." खालच्या मजल्यावरची बाई मान डोलवायची. तिच्यासाठी चहा टाकणारी ताई मधे कुठेच नसायची. त्या पेटीत पाणी कोण भरते, हेही कोणी विचारत नव्हते.

तिला खरा डंख होता तो वेगळाच, आणि तो आईला ठाऊक नव्हता.

ताई हॉस्पिटलच्या लाँड्रीत होती. धुऊन वाळलेल्या चादरींच्या घड्या घालणे हे तिचे काम. हे काम एकटीने होत नाही. चादरीची दोन टोके ताईच्या हातात, दोन जोडीदारणीच्या. ताणायची, झटकायची, मग चालत एकमेकींपाशी यायचे, टोके जुळवायची, पुन्हा मागे जायचे. त्यामुळे दोघींचे बोलणे वर्षानुवर्षे असेच, जवळ आल्यावर एक वाक्य, मग पुढची घडी पडेपर्यंत गप्प.

"मोठ्या बाईंना होकार कळवलास का?" टोके जुळवताना जोडीदारीण म्हणाली होती.

दोघी मागे गेल्या, चादर झटकली, पुन्हा जवळ आल्या.

"अजून नाही. चिमी सांगते म्हणालीय."

गोष्ट अशी होती. हॉस्पिटलची नवी, मोठी लाँड्री बांधून होत आली होती. तिथल्या यंत्रांसाठी सुपरवायझर हवी होती आणि तिला सहा महिने बाहेरगावी शिकायला पाठवायचे होते. लाँड्री सांभाळणाऱ्या मोठ्या बाईंनी ताईला आत बोलावले होते आणि म्हटले होते, "मी पहिलं नाव तुमचं घातलंय." ताई पन्नाशीला टेकली होती. आजवर पहिले नाव तिचे कोणी कशातच घातले नव्हते. लग्नाच्या वेळी पाहुणे तिला बघायला आले आणि चिमीला पसंत करून गेले, तेव्हापासून तिला दुसरे असण्याची सवयच झाली होती. त्या दिवशी ती घरी येताना वाटेत उगीचच एका दुकानाच्या काचेत स्वतःला बघून आली.

तिने चिमीला फोन केला. "सहा महिने आईला ठेवून घेशील का? फक्त सहा महिने."

"बघते हं ताई. घरात विचारते आणि सांगते," चिमी म्हणाली.

उत्तर काही आले नाही. आली ती ही पेटी.

आईला तिने यातले अवाक्षर सांगितले नाही. चिमी हो म्हणाली असती तर थाटात सांगायचे होते. नाही म्हणाली असती तर भांडून सांगायचे होते. पण दिवा लागणाऱ्या खोक्याशी भांडायचे कसे? मोठ्या बाईंना तिने थोडे थांबा म्हटले होते, आणि त्या शनिवारपर्यंत थांबणार होत्या.

गुरुवारी ताई कामावरून आली तेव्हा घरात पंपाची गुरगुर नव्हती. आई पलंगावर नव्हती. ती ओट्यापाशी स्टुलावर बसली होती, कोपरापर्यंत चिखलाने भरलेली, आणि तिचा चेहरा चोरी पकडलेल्या पोरासारखा झाला होता.

"हे काय केलंस?"

"मी नुसतं झाकण उघडून बघितलं गं. मुळं बघितलीस का तिची? उघडीनागडी, पांढरीफटक. पाण्यात लोंबकळतायत बिचारी. मातीशिवाय कुठं काय जीव धरतं? मला राहवेना. मग खालच्या जिन्यातल्या कुंडीतली जराशी माती..."

"खालच्या? तू खाली गेलीस?"

"कठड्याला धरून गेले. एक वाडगं तर आणायचं होतं."

डॉक्टरकडे न्यायचे तर हिला दोन माणसे लागत होती आणि दर पायरीला एक हुंदका. आणि चिमीच्या मुळांची दया आली तेव्हा ही बया एकटी जिना उतरून वाडगाभर माती घेऊन वर चढली होती! ताईला वाटले, उचलावी ती पेटी आणि द्यावी खिडकीबाहेर भिरकावून. समोर भिंतच आहे, कोणाला लागणारही नाही.

"मरेल का गं चिमी?" आईने विचारले.

"चिमी कशाला मरतेय! ती मजेत आहे तिच्या घरी!" ताई ओरडली.

आई रडायला लागली. मोठ्याने नाही. चिखलाचे हात मांडीवर उताणे ठेवून नुसती रडत राहिली. ताईने चप्पल काढली, बाह्या सारल्या आणि घंगाळभर पाणी घेतले.

पंपात माती बसली होती, तो तिने आधी काढून दात घासायच्या जुन्या ब्रशने साफ केला. पेटीचे पोट विसळले. मग एकेक रोप उचलून त्याची मुळे पाण्यात धरली आणि बोटांनी माती सोडवू लागली. मुळे लहान पोरीच्या केसांसारखी गुंतली होती. ओढले तर तुटत, म्हणून हळूहळूच काम करावे लागत होते. हॉस्पिटलच्या चादरींमुळे घाण बघून तिचे हात कधी मागे येत नसत. पण आपण कोणाची घाण निस्तरतो आहोत, ते मात्र मन विसरत नव्हते.

"चिमीला सांगू नकोस हं," आई नाक ओढत म्हणाली.

"का? ती काय खाणारे तुला?"

"वाईट वाटेल तिला. एवढं पाठवलं आणि म्हातारीनं नासवलं म्हणेल. मग नाही करायची फोन."

"आणि मला नाही वाटत वाईट? माझ्यासमोर बरी चिखलात हात घालून बसलीस. माझी नाही भीती वाटत?"

आईने नवलाने तिच्याकडे पाहिले. "तुझी कसली भीती? तू कुठं जाणार आहेस?"

ताईचा हात पाण्यात तसाच राहिला. एवढे साधे बोलली होती आई, हवा-पाण्याबद्दल बोलावे तसे. यात माया होती का? असेलही. मांजर ज्या घराला आपले म्हणते, त्या घराची ते कधी परवानगी घेत नाही. पण ताईला त्या क्षणी माया दिसली नाही. तिला फक्त एवढे दिसले, की चिमी निघून जाऊ शकते म्हणून तिला जपायचे आणि आपण जाऊ शकत नाही म्हणून आपल्याला जपायचे नाही. तिने टोमॅटोचे रोप पुन्हा त्याच्या भोकात बसवले, पाणी भरले, खत सोडले आणि पंप लावला. पेटी पहिल्यासारखी गुरगुरू लागली. आईने डोळे पुसले आणि पेटीला म्हणाली, "घाबरवलंस बाई."

दुसऱ्या दिवशी ताईने मोठ्या बाईंना सांगितले, "माझं जमणार नाही. घरी आई एकटी असते."

"आईंशी बोललात का?"

"बोलण्यासारखं काही नाही त्यात."

दुपारपर्यंत जोडीदारणीचे नाव पक्के झाले. चादर झटकून दोघी जवळ आल्या तेव्हा जोडीदारीण म्हणाली, "तू नाही म्हणालीस म्हणून हं. नाहीतर मी हो म्हटलंच नसतं." तिच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता आणि तो लपवायची तिची धडपडही दिसत होती. "चांगलं झालं," ताई म्हणाली आणि चादर इतकी ताणली, की जोडीदारणीच्या हातातले टोक सुटले.

रविवारी चिमीचा फोन आला. रविवारचा फोन म्हणजे आईचा सण असायचा. केस विंचरून, चांगले कपडे घालून ती स्टुलावर बसली. ताईने मोबाइल तिच्यासमोर धरला. पेटीची चांगली बाजू दिसेल अशी आईने आधीच वळवून ठेवली होती. दोन रोपे मलूल झाली होती, ती मागे गेली.

"बघ, कशी आहे तुझी बाग!"

"वा! मस्तच गं आई!" चिमी पडद्यावर हसली. मागे तिच्या घराची मोठी खिडकी होती आणि तिच्यातून इतके ऊन येत होते, की चिमीचा अर्धा चेहरा दिसतच नव्हता. इकडचे तिकडचे बोलणे झाले. मग चिमी म्हणाली, "आणि ताई, तुझ्या त्या ट्रेनिंगचं काय झालं गं? मी फोन करणारच होते. पण आमच्याकडे काय आहे, ती मागची खोली यांनी ऑफिसला घेतली ना..."

"झालं ते. सोड," ताई घाईने म्हणाली.

"कसलं ट्रेनिंग?" आईने विचारले.

"अगं, ताईला शिकायला पाठवणार होते ना सहा महिने! म्हणून ती विचारत होती, तुला आमच्याकडे... तुला बोलली नाही ती?"

"कधी विचारलं होतं?"

"झाले की दोनेक महिने. मशीन पाठवलं ना मी, त्याच्या जरा आधी. म्हटलं निदान तुझं मन तरी रमेल."

आई पडद्याकडे बघत राहिली. मग तिने पेटीकडे बघितले. ताई मोबाइल तसाच धरून उभी होती. आता आई काय म्हणते याची भीती वाटत होती, आणि खोटे कशाला बोला, आत कुठेतरी उकळ्याही फुटत होत्या. कळू दे एकदाचे, हे खोके कशाच्या बदल्यात आले ते.

"बरं," आई म्हणाली. "ठेवते आता."

चिमीच्या आधी आईने फोन ठेवला, असे पहिल्यांदाच घडले. ताई वाट बघत राहिली. आई पेटी पुन्हा पहिल्यासारखी वळवत बसली. शेवटी ताईच पिशवी उचलून बाजाराला गेली आणि वाटभर मनातल्या मनात आईशी भांडली. सगळी वाक्ये तयार करूनच ती परतली.

दार उघडले तर आई खाली जमिनीवर बसली होती. गुडघे दुमडत नव्हते म्हणून पाय लांब पसरलेले. समोर ताईची प्रवासाची बॅग उघडी होती. कपाटाच्या वरून ती कशी काढली कोण जाणे, बाजूला स्टूल आडवे पडले होते. कपाटातले ताईचे कपडे आईने भोवती मांडले होते आणि ती एकेक उचलून घडी घालत होती.

"हे काय चाललंय?"

"सहा महिने म्हणजे थंडीही लागेल मधे. तुझा तो निळा स्वेटर कुठाय?"

"आई..."

"खालची बाई दोन वेळचं जेवण देते म्हणाली. मी हाक मारून वर बोलावलं होतं तिला. गोळ्यासुद्धा तीच देईल. आणि सोबतीला," आईने मान वर केली नाही, "चिमी आहेच की घरात."

हे ती गमतीने म्हणाली की चिडून, ते ताईला कळले नाही. जागा गेली, जोडीदारणीचे नाव पक्के झाले, ती सोमवारी निघते आहे, एवढेच सांगायचे होते. वाक्य ओठांवर आले होते. इतकी वर्षे तिला जे हवे होते ते तिच्यासमोर जमिनीवर बसले होते, आणि ते दोन दिवस उशिरा आले होते.

"स्वेटर धुवायला टाकलाय," ताई म्हणाली.

"मग वरून घाल तो. जागा ठेवते."

ताई पिशवी खाली ठेवून आईसमोर बसली. आईची बोटे वाकडी झाली होती, कडेला कड येत नव्हती, बाह्या घडीबाहेर लोंबत होत्या. तरी ती प्रत्येक कपड्यावरून तळहात फिरवून तो बॅगेत ठेवत होती. त्यातली एकही घडी ताईने सरळ केली नाही. ती नुसती एकेक कपडा आईच्या हाताशी देत राहिली.