डाळिंबाच्या सालीची पुडी

सातवं पाकीट फोडलं आणि खवट तेलाचा भपकारा वासंतीच्या नाकात गेला. आधीच्या सहा पाकिटांतल्या चकल्या सहा महिन्यांनंतरही कालच तळल्यासारख्या मोडत होत्या.

भोसरीतल्या त्या पॅकिंगच्या कंपनीत वासंती प्रयोगशाळेत मदतनीस होती. प्रयोग रंगरावांचा. माणूस लोणी काळभोरचा, शिक्षण दहावी, पण कामाला चिकट. ज्यूसवाल्यांकडून डाळिंबाच्या साली आणायच्या, वाळवून दळायच्या, त्यात थोडा सोडा मिसळून पुडी बांधायची. पाकिटात ती पुडी टाकली की आतल्या हवेतला ऑक्सिजन ती शोषून घेई आणि तळलेलं खवट होत नसे. बाजारात लोखंडाच्या चुऱ्याच्या पुड्या मिळत, त्या परदेशातून यायच्या. मुलं अमेरिकेला गेलेल्या घरांतून फराळाची पार्सलं जाऊ लागली, म्हणून कंपनीच्या साहेबांनी चार वर्षं हा उद्योग चालू दिला होता. ही शेवटची चाचणी होती.

बारापैकी पाच पाकिटं खवट निघाली. वासंतीनं त्यातलं एक उजेडात धरलं. सीलवर बारीक सुरकुती होती. बाकीच्या चारांवरही तीच. बाहेरची हवा सहा महिने आत येत राहिली होती. एवढीशी पुडी किती शोषणार?

सील तिनंच केलं होतं. त्या दिवशी हिंजवडीच्या एका कंपनीत तिची मुलाखत होती. सीलचं मशीन पुरतं तापायच्या आत तिनं घाईनं पहिली पाच पाकिटं त्यातून ओढली होती.

सहा महिने झाले तरी हिंजवडीचं पत्र अजून यायचं होतं. ते आलं नाही तर हीच नोकरी, आणि घरात कमावती ती एकटी. तिनं ती पाकिटं कचऱ्यात टाकली आणि रिपोर्टमध्ये लिहिलं, पाच नापास. सीलचं काही लिहिलं नाही.

साहेबांनी काम बंद केलं. रंगराव निवृत्त होईपर्यंत स्टोअरमध्ये बसले. वासंती महिन्याभरात नव्या कंपनीच्या बसनं हिंजवडीला जाऊ लागली.

अकरा वर्षांनी एका मॉलमध्ये तिनं सुक्या मेव्याचं पाकीट उचललं. आतल्या पुडीवर छापलं होतं, ऑक्सिजन शोषणारी, वनस्पतीपासून बनवलेली. खाली परक्या देशाचं नाव होतं. त्या रविवारी ती लोणीला गेली.

रंगराव ओट्यावर बसले होते. तिनं सगळं सांगितलं, मुलाखतीसकट.

"म्हंजी भुकटी बराबर हुती," ते शेवटी म्हणाले.

"बरोबर होती, काका. चूक माझी होती."

"अकरा वर्सं मी म्हनत हुतो, सोडा घालताना माझाच हात चुकला आसंल."

माफी मागायला तिनं तोंड उघडलं, तर त्यांनी हातानंच थांबवलं आणि आत हाक मारली, "मैना, भाईर ये. ह्या बाई काय सांगत्यात ते ऐक जरा."

ओले हात पदराला पुसत त्यांची बायको मैनाबाई दारात आल्या. रंगरावांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि ताठ बसले.

वासंतीनं पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.