गोरखच्या बग्गीचा खर्च

बोरी बुद्रुकात आमच्या दारात पांढरी मोटार आली, तेव्हा तीन दिवस माणसं बघायला येत होती. चौथ्या दिवशी माझा चुलतभाऊ गोरख टेम्पोत घालून भंगारातली जुनी मोटार घेऊन आला आणि सगळी गर्दी कुंपणापलीकडे त्याच्या दारात सरकली.

"ही कशाला रे?" मी विचारलं.

"हिच्या इंजिनाची बग्गी करतोय, भाऊ. नुसता पाइपांचा सांगाडा. ना दार, ना टप. कुकडीच्या वाळूत पळवायची."

"रस्त्यावर पासिंग मिळायचं न्हाई."

"रस्त्याला तू हायेस की."

माझी बायको मोहिनी हे ऐकत होती. म्हणाली, "माणूस हातानं गाडी करतोय बघा. तुमी नुसती सही करून आणली."

ते बोलणं मला लागलं. आमची गाडी सात लाख चाळीस हजारांची. गोरखची तिच्याहून महाग पडली, हे मोहिनीच्याच तोंडून वदवून घ्यायचं ठरवलं आणि मी हिशेबाची वही उघडली.

भंगार मोटार पस्तीस हजार. पाइप सत्तावीस. या चालीनं काही जमणार नव्हतं. मग मी रोज संध्याकाळी त्याच्या शेडात जाऊन बसू लागलो.

"टायर चांगले घे राव, जिवाशी खेळ नको."

त्यानं चव्वेचाळीस हजारांचे घेतले.

"हे शॉकअप? मणके जागेवर ऱ्हायचे न्हाईत."

अठ्ठावन्न हजार. दोन खुर्च्या पट्ट्यांसकट अठरा. बिचारा माझा शब्द खाली पडू देत नव्हता, आणि मी घरी येऊन मोठ्या समाधानानं आकडे मांडत होतो. तरी बेरीज एक लाख ब्याऐंशी हजारांवर अडली. शेवटी त्याची मजुरी धरली, दोनशे दहा दिवस, पाचशे रुपये रोज. दोन लाख सत्त्याऐंशी.

मोहिनीनं वही पाहिली. "मजुरी धरलीत? मग आपल्या गाडीत तुमची बी धरा, रोज तासभर पुसता ती. आन माझी बी धरा. चपला पिशवीत घालून बसते ना मी."

उन्हाळ्यात नदी आटली आणि बग्गी वाळूत उतरली. केशरी रंग. मागच्या पत्र्यावर पेंटरकडून लिहून घेतलेलं : 'सल्लागार – कुंडलिकभाऊ'.

"भाऊ रोज येऊन बसला म्हणून गाडी धड झाली," गोरख सगळ्यांना सांगत होता. "माझ्या मनानं केली असती तर पहिल्याच खड्ड्यात मोडली असती."

माणसं माझ्याकडं आदरानं बघू लागली. हाच आदर मला हवा होता. फक्त तो भलत्याच गाडीवरून मिळाला.

"वहिनी, बसा. घट्ट धरा."

मोहिनी बसलीसुद्धा. लग्नाला सोळा वर्षं झाली. तिचं हसू नदीच्या त्या काठावरून या काठाला ऐकू येतं, हे मला त्या दिवशी कळलं. माझी मोटार वर डांबरी रस्त्यावर उभी होती. पोट घासेल म्हणून मी ती खाली आणली नव्हती.

तासाभरानं मोहिनी वर आली. पापण्यांपर्यंत धूळ. सवयीनं माझा हात सीटवर अंथरायच्या वर्तमानपत्राकडं गेला.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "तुमची गाडी घाण हुईल. मी भाऊजींसंगं बांधानं येते."

ती रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. अगदी समजुतीनं बोलली आणि पुन्हा उतार उतरून गेली. बग्गीला खुर्च्या दोनच. दुसरी खुर्ची कुणाची, याचा निकाल लागला होता.

मी गाडीला किल्ली लावली. काढली. उतारावरून घसरत त्यांच्यापर्यंत गेलो. बुटात वाळू शिरली.

"गोरख, मागं अजून एक खुर्ची बसंल का रं?"

"बसंल की. कुणाला?"

मी बग्गीच्या टायरकडं बघत राहिलो. "खर्च किती येईल?"

"ते तूच सांग, भाऊ. वही तुझ्याकडं हाय."

मोहिनीनं ओढणी तोंडाला लावली आणि पलीकडच्या काठाकडं पाहू लागली.

"पट्ट्यासकट नऊ हजार," मी म्हणालो. वही घरीच होती. "मी देतो."