परक्या नावाखालचा पट

मी लोकरीचा पट बोलतोय. एका सभागृहाच्या भिंतीवर, छान उजेडात मला टांगलंय. येणारे-जाणारे वाहवा करतात आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो. कारण खालच्या पाटीवर जे नाव आहे, ते मला विणणारीचं नाही.

मला विणलं टपालखात्यातून निवृत्त झालेल्या एका बाईने. चौतीस वर्षं खणांच्या मांडणीसमोर उभी राहून ती गल्लीवार पत्रं लावायची. काम सुटलं तरी हात काही गप्प बसेनात, म्हणून तिने विणकामाचा क्लास लावला. त्यात ती डावखुरी! क्लासच्या बाई रोज टोकायच्या, "अहो, तुमच्या विणीतल्या वेण्या सगळ्या भलतीकडेच झुकतायत. लोक हसतील." ती मान डोलवायची आणि घरी येऊन तशीच विणायची.

मला दोन वर्षं लागली. जुने स्वेटर उसवून तिने माझे अठ्ठेचाळीस खण विणले, कचेरीतल्या मांडणीला होते तेवढेच. खणागणिक एक गल्ली. बेकरीच्या गल्लीला तपकिरी लोकर, दवाखान्याच्या गल्लीला गेलेल्या नवऱ्याच्या मफलरची करडी. "जन्मभर दुसऱ्यांची नावं वाचली," ती मला मांडीवर घेऊन म्हणायची. "तुझ्याखाली माझं नाव लागणार बघ." मी नुसता फुगून जायचो.

मग प्रदर्शन ठरलं. विणलेला पट ओला करून, टाचण्यांनी ताणून वाळवावा लागतो. तेवढं मोठं टेबल क्लासमध्येच होतं. लेक म्हणाली, "दे आई, मी नेते." तिने मला निर्धास्तपणे लेकीच्या हवाली केलं.

उद्घाटनाला ती सगळ्यांच्या आधी आली. पाटी वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. शेजारी क्लासच्या बाई पाहुण्यांना सांगत होत्या, "वेण्या मुद्दाम अशा झुकवल्यात मी. नवा प्रयोग!"

तिने लेकीकडे पाहिलं. लेकीने नजर चुकवली.

"आई, इथे तमाशा नको. क्लासची नवी शाखा माझ्याकडे देणारेत त्या. आणि तुला या वयात नाव घेऊन करायचंय काय?"

मी जिवाचा कान केला. तिने डाव्या हाताने चार टाके घालून दाखवले असते, तरी बाईंचं पितळ उघडं पडलं असतं. तेवढ्यात एका पाहुणीने तिलाच विचारलं, "तुम्हीसुद्धा विणता का हो?"

"नाही," ती म्हणाली. "मी हिची आई."

बाईंनी चोरी केली, लेकीने दगा दिला, त्याचा संताप आलाच. पण त्या 'नाही'ने मी पार उसवलो. माझे अठ्ठेचाळीस खण तिने एका शब्दात नाकारले. निघताना माझा कोपरा तेवढा सारखा केला तिने. सुया आता कपाटात गेल्यात, लेक कुणाला तरी सांगत होती.

चौतीस वर्षांत तिने एकही पत्र चुकीच्या माणसाच्या हाती पडू दिलं नाही. दुसरीकडचं पत्र चुकून खणात आलंच, तर लाल पेन्सिलीने खूण करून त्याच दिवशी परत धाडायची. तुम्ही इथे आलात, तर पाटी वाचू नका. माझ्या वेण्या कुठे झुकल्यात ते बघा आणि मला तिच्याकडे परत धाडा. ती घेईल की नाही, एवढं मात्र मला सांगता येत नाही.