विश्वास दाखवला की मी भरली जाते

मी बॅग बोलतेय. सूटकेस म्हणा हवं तर, पण ते नाव आता या अंगाला शोभत नाही. पोट सुटलंय, एक चाक तिरकं चालतं आणि चेन लावायची तर कोणाला तरी माझ्यावर बसावं लागतं.

आमचे साहेब फुटबॉल संघाचे प्रशिक्षक. करार नेहमी तीन वर्षांचा. सह्या होतात, फोटो निघतात, क्लबचे मालक खांद्यावर हात ठेवून म्हणतात, "आता हे तुमचंच घर." तिसरं वर्ष दिसतं कसं, ते मात्र मी अजून पाहिलेलं नाही.

या धंद्याची रीतच न्यारी. साहेबांनी स्वतःहून नोकरी सोडली तर हातात भोपळा. मालकांनी काढलं तर उरलेल्या कराराचे पैसे. म्हणून संघ हरायला लागला की दोघंही गोड हसत बसतात, आधी तोंड कोण उघडतंय ते बघत. मालकांनी पेपरात "प्रशिक्षकांवर आमचा पूर्ण विश्वास आहे" असं छापून आणलं, की आमच्या बाई हातातला चहा ठेवून मला कपाटावरून खाली ओढतात.

यंदाही विश्वास छापून आला. बाईंनी मला खाली काढलं, तर लेक दारात उभी. दहावीतली पोर, आणि ही तिची चौथी शाळा.

"आई, या वेळी मी येणार नाही. परीक्षा इथूनच देणार."

"पैसे मिळाले तर राहू की इथेच."

"आणि नाही मिळाले तर?"

बाई माझी धूळ पुसत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी संघाचा बाहेरगावी सामना. साहेबांनी एका मुक्कामाचे कपडे माझ्यात टाकले आणि मला घेऊन थेट क्लबच्या ऑफिसात शिरले. हरणाऱ्या प्रशिक्षकाने बॅग घेऊन मालकाच्या नजरेला पडू नये, हे नवशिक्यालाही कळतं. साहेबांना वीस वर्षांचा अनुभव. संध्याकाळी मालक पत्रकारांना सांगत होते, "स्वतःच बॅग भरून निघाले. आम्ही फार अडवलं हो." तोवर संघाच्या बसमध्ये नवा प्रशिक्षक चढलाही होता.

भांडण लवादाकडे गेलं. मला टेबलावर ठेवून चारचौघांत उघडलं. अस्तर फाटलेलं, मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. आत निघालं काय, तर एक पायजमा, दोन बनियन आणि दाढीचं सामान.

मालकांचे वकील म्हणाले, "साहेबांची राहणी साधी. सामानच तेवढं."

बाई उठल्या. "तीन वेळा संसार हलवलाय मी हिच्यातून. घर सोडताना पडद्याच्या कड्यासुद्धा सोडत नाही आम्ही. एका पायजम्यावर माणूस नोकरी सोडतो होय?"

लवादाचे साहेबही हसले. निकाल आमच्या बाजूने लागला. पैसे दरमहा, करार संपेपर्यंत. मात्र साहेबांनी मध्येच दुसरी नोकरी धरली, की हप्ते बंद.

म्हणजे आता पगार काही न करण्याचा, आणि ते काम काही साहेबांना जमत नाही. जेवताना मिठाची डबी बचावात, साखरेची आघाडीवर.

"बाबा, मीठ द्या ना."

"थांब, बचावफळी फुटेल."

काल फोन वाजला. गुणतक्त्याच्या तळातला कुठलातरी क्लब. पगार हप्त्याच्या निम्मा, गाव नवं, करार अर्थातच तीन वर्षांचा.

"उचलू नका," बाई म्हणाल्या.

"नुसतं ऐकतो गं."

"नुसतं ऐकूनच चार गावं झाली, अहो. पोरीची परीक्षा तोंडावर आलीय."

साहेबांनी नुसतं ऐकलं. तासभर.

आत्ता बाई बाजारात आणि लेक शाळेत आहे. साहेब स्टूल घेऊन कपाटापाशी आलेत. हात माझ्या मुठीवर आहे, अजून ओढलेलं नाही. मंडळी, तुमच्यापैकी कोणाला प्रशिक्षक हवाच असेल, तर कृपा करा, पोरीचा शेवटचा पेपर झाल्यावर फोन करा. तोवर मी इथेच जड होऊन बसते. तेवढं तर मला या वयात सहज जमतं.